परड्यातली चांदमारी

आमच्या काकतीच्या घरात भांडं आपटायचं नाही असा नियम होता. तो कुणी घालून दिला नव्हता, पण सगळे पाळत होते. पितळी ताटं एकावर एक रचताना आई मधे फडकं घालायची. माझी थोरली बहीण आक्का कळशी आणायची ती चुंबळीवर अलगद टेकवायची, जणू आत कुणी झोपलंय. खर्डा वाटायचा तो आप्पा शेताकडे गेल्यावर. बाबांचा आवाज मूळचा मोठा. ते बैलांवर ओरडायचे तेव्हा शेजारच्या शिवारातली माणसं मान वर करायची. पण उंबऱ्याच्या आत आले की तेही हळू बोलायचे. पाहुणे म्हणायचे, तुमच्या घरात येऊन बसलं की देवळात बसल्यागत वाटतं. आई हसायची आणि त्यांच्यापुढे उकड्या तांदळाची पेज आणि आंबाडीची भाजी ठेवायची, तीही आवाज न करता.

हे सगळं आप्पांसाठी होतं. आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. ते पलटणीतून बसऱ्याच्या लढाईवर गेले होते आणि हातपाय धड घेऊन परत आले होते, म्हणून आईनं गावदेवीची ओटी भरली होती. पण थोड्याच दिवसांत आम्हाला कळलं की सगळं धड आलेलं नाही. गावात एक लग्न होतं. वरातीत कुणीतरी गर्नाळ उडवली. आप्पा नवा फेटा बांधून माझा हात धरून चालले होते. आवाज झाला आणि माझा हात रिकामा झाला. बघतो तर आप्पा रस्त्याच्या कडेला गटाराच्या चिखलात पालथे पडले होते, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. वरातीतली पोरं हसली. मीही हसलो. इथं सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून तेही लिहितो. आप्पांनी उठून फेट्याचा चिखल झटकला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चल परशा, घराकडं जाऊया." त्यानंतर ते लग्नाकार्याला गेले नाहीत. घरात पातेलं पडलं तरी त्यांचा हात थरथरायचा आणि भाकरीचा तुकडा ताटात परत पडायचा.

मग ती बंदूक आली. बेळगावच्या कँपात आप्पा ज्या साहेबाच्या हाताखाली होते तो विलायतेला परत निघाला आणि जाताना त्यानं आप्पांना आपली हवेची बंदूक दिली. दारू नाही, काडतूस नाही. नळी मधून मोडायची, हरभऱ्याच्या डाळीएवढा शिशाचा छर्रा आत बसवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. फट्ट असा आवाज यायचा, पाटीवर छडी आपटल्यासारखा. आप्पांनी ती गोणपाटात गुंडाळून आणली आणि सोप्यात बाबांच्या पुढ्यात ठेवली.

बाबांनी गोणपाट बाजूला केलं. "बंदूक कशाला रं आणलास घरात? पोरं हाईत की."

"दादा, मला आवाज सोसत न्हाय," आप्पा म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच तोंडानं सांगितलं. "मोठा सोसायचा तर आदी बारका सोसाय पाहिजे. ह्याचा आवाज बारका हाय. आनी आवाज कवा हुनार ते माज्याच बोटात हाय. रोज धा-वीस छर्रे मारतो. बघूया."

"आनी कुनाला लागलं तर?"

"लागनार न्हाय अशी चांदमारी बांधतो. परड्यातच. चुकला तरी कुनाला लागू ने, तर ती चांदमारी. माणूस चुकतोच, दादा. मैदानानं चुकू ने."

हे शेवटचं वाक्य मी माझ्या मुलांना कितीदा तरी सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी माझी जीभ अडखळली आहे.

आप्पांनी चांदमारी बांधायला पंधरा दिवस घेतले आणि मी शाळेतून आलो की त्यांच्या मागे मागे असायचो. आमचं परडं लांबट होतं. एका टोकाला गोठा, दुसऱ्या टोकाला जांभ्या दगडाची, आप्पांच्या खांद्याला लागेल एवढी भिंत. गोठ्याच्या सोप्यातून भिंतीकडे तोंड करायचं ठरलं, कारण तसं केलं की ऊन डोळ्यावर येत नव्हतं आणि वाटेकडे पाठ होत होती. वीस पावलं मोजून आप्पांनी चुन्यानं पांढरी रेघ ओढली. रेघेच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, कोंबडीनंसुद्धा. कोंबड्या तेवढ्यापुरत्या डालग्याखाली. भिंतीला लागून वाळल्या शेणी रचून केलेली हुडवी होती, ती त्यांनी आणखी रुंद रचली, कारण शेणीत छर्रा घुसला की बाहेर येत नाही. तिच्यापुढे वाळूनं भरलेल्या सहा गोण्या, तीन खाली, तीन वर. वाळू मार्कंडेय नदीतून आणली, दोन बैलगाड्या. ती आईच्या गव्हाच्या चाळणीनं चाळली. आई म्हणाली, "भावोजी, माजी चाळण!" आप्पा म्हणाले, "वैनी, वाळूत खडा ऱ्हायला तर छर्रा त्येच्यावर आपटून उलट येतोय. नवी चाळण आनतो तुमाला बेळगावास्नं." आणि खरंच आणली. गोण्यांपुढे एक जुनी वाकळ भिजवून टांगली, म्हणजे छर्रा आधी तिच्यात अडकून मऊ पडेल. आणि वाकळीपुढे, बांबूला सुतळीनं बांधलेल्या साहेबाच्या तंबाखूच्या रिकाम्या डब्या. छर्रा लागला की त्या टण्ण वाजायच्या.

मग नियम. आप्पा ते माझ्याकडून पाढ्यासारखे म्हणून घ्यायचे. आधी भिंतीपलीकडे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं, आणि ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. मग काठीला लाल फडकं लावायचं. ते आक्काच्या फाटक्या खणाच्या चोळीचं होतं. मग तीन वेळा ओरडायचं, "मैदान मोकळं!" मग छर्रा भरायचा. तोवर नळी जमिनीकडे. मारून झालं की छर्रे वेचायचे आणि राखेनं हात घासल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, कारण शिसं पोटात जाऊ नये. आप्पा नसताना बंदुकीला हात लावायचा नाही. आणि जिवंत असलेल्या कशावरही नेम धरायचा नाही, पाखरावरसुद्धा.

जागा ठरवताना आप्पांनी घरातल्या सगळ्यांना परड्यात बोलावलं होतं. भिंतीपलीकडे आमचीच थोडी जमीन होती आणि तिथं वासरांचं एक जुनं खोपट होतं. आप्पा तिकडे जाऊन बघून आले. आत एक गुंडाळलेली चटई आणि उपडं ठेवलेलं मडकं होतं.

"तितं कोन बसतं काय?" त्यांनी विचारलं.

आई पदर दातात धरून खाली बघत होती. "भावोजी, हितं नको. म्होरल्या अंगाला करा."

"म्होरं वाट हाय, वैनी. मानसं येत्यात-जात्यात. हितं काय अडचन हाय?"

बाबांनी नजर गोठ्याकडे वळवली आणि म्हणाले, "कोन नसतंय तितं."

ते खरं नव्हतं. महिन्यातले ते चार दिवस बायका कुणाला शिवत नसत, घराबाहेर बसत. आमच्याकडे पूर्वी सोप्याच्या कोपऱ्यात बसायच्या. पण आप्पा लढाईवरून आले आणि त्यांचं अंथरूण सोप्यात पडलं. ते चार-पाच वर्षांनी घरी आलेले, शिवाय धाकटे दीर. त्यांच्यासमोर आईला संकोच वाटला आणि तिनं ती बसायची जागा गुपचूप परड्यामागच्या खोपटात नेली. हे आप्पांना ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं आणि त्यांना सांगायचं कुणी? आई दिराला सांगणार नाही, बाबा भावाला सांगणार नाहीत. आक्का तर तेव्हा तिथं नव्हतीच, चुलीपुढे होती.

मी सांगू शकत होतो. मी बारा वर्षांचा होतो आणि आक्काचं ताट तिकडे नेऊन ठेवायचं काम माझंच होतं. पण मी बोललो असतो तर चांदमारी झाली नसती. परड्याशिवाय दुसरी जागा नव्हती. मी डब्यांकडे बघितलं आणि गप्प बसलो. मी कोर्टात कारकून आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबान्या लिहून घेत आलो. साक्षीदार जे सांगतो तेवढंच मी लिहितो, पण तो जिथं थांबतो तिथं माझी मान आपोआप वर होते.

आई पहिले काही महिने युक्ती करायची. कुणी बाहेर बसलं असेल तर म्हणायची, "भावोजी, आज डोसकं दुखतंय, आज नको आवाज." आप्पा लगेच बंदूक गुंडाळून ठेवायचे. पण मग तिनं स्वतः जाऊन वाकळ बघितली, शेणी फोडून बघितल्या. शेणीपर्यंत एकही छर्रा पोचला नव्हता. हळूहळू तिची भीती गेली आणि तिचं डोकं दुखायचं थांबलं. आप्पाही बदलत होते. पहिल्या महिन्यात चाप ओढताना डोळे मिटायचे, मग उघडे राहू लागले. एकदा चुलीपाशी तांब्या पडला, खणखणत उंबऱ्यापर्यंत गेला, आणि आप्पांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. घरभर सगळे एकमेकांकडे बघत होते. आप्पांनी तुकडा मोडला, कुळथाच्या पिठल्यात बुडवला आणि म्हणाले, "तांब्याला पोचा पडला असंल, बघा." आई पदरानं डोळे पुसत हसली. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं हसल्याचा आवाज आला.

आणि आक्का. आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला खानापूरकडचं स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा शिकलेला होता आणि पसंती झाली होती. मुलींनी चांदमारीकडे येऊन उभं राहायचं नाही असं बाबांचं म्हणणं होतं, म्हणून तिनं मला किंवा आप्पांना मारताना कधी पाहिलं नाही. पण ते चार दिवस ती भिंतीपलीकडे बसून ऐकायची. मी ताट घेऊन गेलो की तिचा हिशेब तयार असायचा.

"आज आप्पांचं सतरा. तुजं चार."

"चार कुटलं? सात!"

"चार टण्ण. बाकीचं नुसतं फट्ट. वाकळीला मारलास व्हय रं, वाकळीनं काय केलंय तुजं?"

"तुला काय कळतंय भिंतीआड बसून."

"मला कानानं दिसतंय," ती म्हणायची, आणि भाकरीचा एक घास माझ्यासाठी ताटाच्या कडेला ठेवून द्यायची. तो शिवल्याशिवाय उचलायचा, हाही आमचा एक खेळ होता. मग कधी तरी म्हणाली, "परशा, एकदा तरी लागल्यालं दाव की रं. नुसतं ऐकून कटाळा आला."

त्या दिवशी आप्पा पेन्शनीसाठी बेळगावला गेले होते. बाबा शेतात, आई नदीवर धुणं घेऊन. आक्का खोपटात. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी जे सांगत आलो त्यात हे नव्हतं. मला माहीत होतं ती तिथं आहे. सकाळी तिचं ताट मीच ठेवून आलो होतो. मी कोनाड्यातून बंदूक काढली. लाल फडकं लावलं. तीन वेळा "मैदान मोकळं" ओरडलो. पलीकडून आक्का हसली आणि म्हणाली, "मोकळं कुटलं, मी हाय की!" बांबूच्या डब्यांवर मी छर्रे मारले आणि आक्का मोजत राहिली. एक. दोन. मोजता मोजता सहा झाले. मग माझ्या डोक्यात आलं. मी एक डबी सुतळीतून सोडवली आणि हुडवीवर चढून भिंतीच्या माथ्यावर ठेवली, तिला दिसेल अशी. रेघेवर परत आलो, नेम धरला आणि ओरडलो, "आक्का, वर बघ!"

तिनं वर बघितलं.

डबी वाजली. पण फार बारीक, काठाला लागल्यासारखी, आणि पलीकडे पडली. आक्कानं मोजलं नाही. मी वाट बघितली. मग "आई गं" असं अगदी हळू ऐकू आलं. ती ओरडली नाही. आमच्या घरात ओरडायची सवयच कुणाला राहिली नव्हती.

मी भिंतीवरून उडी मारली. ती डाव्या डोळ्यावर दोन्ही तळवे धरून बसली होती आणि बोटांतून रक्त येत होतं. मी तिच्याजवळ गेलो आणि थांबलो. दोन पावलांवर. तिला शिवायचं नव्हतं ना. मला वाटतं, माझ्या सगळ्या अपराधांत हे थांबणं सगळ्यात लहान आहे, तरी झोपेत मला तेच दिसतं. तीच म्हणाली, "शिवू नको रं, आंगूळ करावी लागंल." मग थोड्या वेळानं, "ती डबी उचल. हुती तितं बांध. आप्पांनी इचारलं तर नेहमीच्याच जागी मारत हुतो म्हन. न्हायतर बाबा तुला जित्ता ठेवायचे न्हाईत." मी डबी उचलली, परत बांबूला बांधली, आणि मग आईला बोलवायला नदीकडे पळालो.

कँपातल्या डॉक्टरनं डोळा वाचवला, पण त्यात फूल पडलं. उजेड-अंधार तेवढा कळे. खानापूरच्या मंडळींनी निरोप पाठवला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. आईनं तो निरोप ऐकला आणि तांदूळ निवडायला बसली, आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत राहिली. आप्पा नसताना बंदूक उचलली म्हणून बाबांनी मला वेताच्या छडीनं मारलं. मला बरं वाटलं. पण नेम कुठं धरला होता, हे विचारलं आप्पांनी.

"कुटं मारत हुतास परशा?"

"डब्यांवर."

"बांबूच्या?"

"व्हय."

आप्पांनी खोपटातून तो छर्रा शोधून आणला होता. एका बाजूनं चपटा झालेला. तळहातावर धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कशावर तरी आपटून उडालाय ह्यो. मंजे वाळूत खडा हाय." त्यांनी मला आणखी काही विचारलं नाही. आक्का तिथं बसत होती हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं बाबांना किंवा आईलाही बोलले नाहीत. त्यांनी गोणपाट अंथरलं, पहिली गोणी सोडली आणि वाळू चाळायला बसले.

तीन दिवस ते चाळत होते. आईची जुनी चाळण घेऊन, मूठ-मूठ वाळू, उकिडवे बसून. चाळून झालेली वाळू बोटांनी पुन्हा चाचपायचे. जेवायला बोलावलं तर "ही गोनी हुंदे" म्हणायचे. त्यांचा हात पुन्हा थरथरायला लागला होता. चाळणीतली वाळू हलवावीच लागत नव्हती, आपोआप हलत होती. पाच गोण्या झाल्या, काही मिळालं नाही. मी गोठ्याच्या दाराआडून बघत होतो. मला वाटलं, सहाव्या गोणीतही काही मिळालं नाही तर हे पुन्हा पहिलीपासून सुरू करतील. असेच चाळत राहतील, कायमचे. खरं सांगितलं असतं तर तिथंच थांबलं असतं. पण मी भिंतीपाशी गेलो, जांभ्याचा एक लहान खडा उचलला, आणि आप्पा पाणी प्यायला उठले तेव्हा सहाव्या गोणीच्या तोंडातून कोपरापर्यंत हात घालून आत सोडला.

संध्याकाळी तो त्यांना सापडला. त्यांनी खडा उचलून उजेडात धरला. उलटासुलटा करून बघितला. फार वेळ बघितला. मला वाटलं, आता आप्पा सुटले. आप्पा उठले, बाबांपुढे गेले आणि तळहात पुढे केला. "हा बग दादा. माज्या हातनं ऱ्हायला. पोरीचा डोळा माज्यामुळं गेला."

बाबांनी तो खडा बघितला आणि तोंड फिरवलं. खरं मी तेव्हाही सांगितलं नाही.

आप्पांनी दुसऱ्या दिवशी चांदमारी मोडली. वाळू नदीत नेऊन टाकली. वर्षभर ते आक्कासाठी गावोगाव फिरले आणि जांबोटीला एक माणूस शोधून काढला. बिजवर होता, भातशेती होती, मनानं इतका चांगला की आक्का आजही त्याला लाडानं शिव्या देते. आप्पांनी आपल्या वाटणीची जमीन तिच्या नावे केली आणि तिच्यापाठोपाठ स्वतःही जांबोटीला जाऊन राहिले, रानाच्या कडेला एका खोपीत. तिथं पक्ष्यांशिवाय आवाज नव्हता. बंदूक त्यांनी लोहाराकडे नेऊन मोडली. लाकूड चुलीत गेलं. नळीची त्यांनी आक्काला फुंकणी करून दिली.

मी दर दिवाळीला जांबोटीला जात असे. बेळगावहून कुंदा घेऊन जायचो. मोटार जिथं सोडायची तिथून रानातून दोन कोस चालायचं. त्या दोन कोसांत मी पहिलं वाक्य जुळवायचो. खोपीत आप्पांच्या पुढ्यात बसलो की ते कोर्टाचं विचारायचे, बाबांचं, बैलांचं, माझ्या मुलांचं. सगळं बोलून झालं की थांबायचे, चिलीम बाजूला ठेवायचे, आणि म्हणायचे, "आनी काय, परशा?" मी म्हणायचो, "आनी काय न्हाय." मग ते मला पाणंदीपर्यंत सोडायला यायचे. अठरा दिवाळ्या अशा गेल्या. एकोणिसाव्या दिवाळीला खोप रिकामी होती.

यंदा मी आक्काकडे गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. केस पांढरे झालेत, पण बसायची पद्धत तीच, एक गुडघा वर. घरात सुना, नातवंडं, भांड्यांचा इतका आवाज की मला आश्चर्य वाटलं. जाळ विझत आला होता. तिनं भिंतीशी टेकवलेली फुंकणी माझ्याकडे सरकवली. "फुंक की रं जरा. धुरानं माजा डोळा लई गळतोय." मी ती हातात घेतली. काळी पडलेली, टोकाशी जळालेली. इतक्या वर्षांत मी तिला कधी हात लावला नव्हता. तोंडाशी नेली आणि मला फुंकता येईना.

आक्का उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, अगदी आप्पांसारखं थांबून, "आनी काय, परशा?"

मी सांगितलं. तिनं वर बघितलं तिथपर्यंतचं तिला माहीत होतंच. खड्याचं माहीत नसेल असं मला वाटत होतं. कोपरापर्यंत हात कसा घातला तेही सांगितलं. सून पाणी मागायला आली, तिला तिनं हातानंच परत पाठवलं.

"आप्पांना ठावं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"खडा. नदीच्या वाळूत जांबा कुटला रं, खुळ्या? आनी छर्रा आपटल्याल्या दगडावर शिशाचा डाग पडतोय. त्या खड्यावर डाग न्हवता. त्येंनी तवाच बगितलं. मला एकदा सांगितले, म्या लई इचारल्यावर. म्हनाले, पोरगं भ्यालं हुतं. मी वाळू चाळत बसलोय हे त्येला बगवंना, म्हनून ठेवून गेलं. त्येनं दिलं, मी घेतलं."

बाहेर पडवीत कुणाचं तरी घमेलं पडलं आणि पोरं हसली. मी फुंकणी मांडीवर धरून विचारलं, "मग मला कधी इचारले का न्हाईत?"

आक्कानं चुलीतलं लाकूड थोडं आत सारलं.

"इचारत हुते की रं," ती म्हणाली. "दर दिवाळीला इचारत हुते."

जाळ अगदी विझत आला होता. मी नळी तोंडाला लावली आणि फुंकली.